ऊन, थंडी आणि लिथियमची बॅटरी



शेतकी खात्याचा माणूस लिहायला बसला की बेणे, हुमणी, खोडवा नाहीतर पाचट, एवढ्याच विषयांवर लिहिणार अशी आपली समजूत असते, आणि ती बरोबरही आहे. या खेपेला मात्र विषय वेगळा घेतला आहे. त्याचे कारण असे घडले.

गेल्या डिसेंबरात आमच्या एका गटातील एक सभासद, वय साठीच्या पुढे, आपण त्यांना नुसते तात्या म्हणू, रात्री दीड वाजता खोडव्याला दारे धरायला गेले. थ्री फेजची पाळी त्या आठवड्यात रात्रीची होती. कपाळाला पट्ट्याने बांधायची चार्जिंगची लाईट लेकाने दिवाळीला आणून दिलेली. ऊस डोक्याच्या वर गेलेला. तात्या मोटार चालू करून, पाटाचे पाणी वळवून सरीत आत शिरले आणि थोड्या वेळाने लाईट बंद पडली. मिणमिणली नाही, पिवळी पडली नाही, एकदम बंद. मोबाईल घरी राहिलेला. त्या शिवारात त्याच महिन्यात दोनदा बिबट्याचे ठसे दिसले होते, हे सगळ्या गावाला ठाऊक होते. तात्या मोटारीच्या आवाजाच्या रोखाने चाचपडत, मधूनमधून मोठ्याने बोलत, पाऊण तासाने बांधावर आले. अंगाला पात्याचे ओरखडे निघाले, बाकी काही झाले नाही.

दुसऱ्या दिवशी गट ऑफिसात येऊन त्यांनी ती लाईट माझ्या टेबलावर ठेवली.

"साहेब, संध्याकाळी फुल्ल केली होती. हिरवा दिवा बघूनच काढली. थंडीनं गारठती का काय ही?"

खरे सांगतो, त्यावेळी मला नीट उत्तर देता आले नाही. कृषी पदविकेला आम्हाला ट्रॅक्टरची बॅटरी शिकवली होती. डिस्टिल्ड वॉटर किती, टर्मिनलला ग्रीस कसे लावायचे, हायड्रोमीटर कसा बघायचा. लिथियमचे नाव फक्त रसायनशास्त्राच्या तक्त्यात पाहिलेले. आणि आज बघावे तर आपल्या प्रत्येक घरात हा माल आहे. मोबाईल तर आहेच, पण पाठीवरचा फवारणी पंप, डोक्याची लाईट, तोडणीच्या टोळ्यांच्या कोपीवरचे सोलर दिवे, पोरांची इलेक्ट्रिक गाडी, आणि आता फवारणीचा ड्रोन. तेव्हा तात्यांच्या प्रश्नाच्या निमित्ताने चार ठिकाणी विचारले, थोडे वाचले, थोडे स्वतः करून पाहिले. ते आपल्यापुढे ठेवतो.

आधी नावाचा घोळ काढून टाकू. आपल्याकडे हातात धरायच्या विजेरीलाच बॅटरी म्हणतात. या लेखात बॅटरी म्हणजे आतला वीज साठवणारा भाग, आणि त्यातले एकेक नळकांडे म्हणजे सेल. लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली ती जपानच्या सोनी कंपनीने, १९९१ साली. तिच्यामागच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. माणूस साठीला निवृत्त होतो असे मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

आत चालते काय? सेलमध्ये दोन बाजूंना दोन पत्रे गुंडाळलेले असतात, मध्ये बारीक छिद्रांचा प्लास्टिकचा पडदा, आणि सगळे एका द्रवात भिजलेले. चार्जिंग करताना लिथियमचे कण एका पत्र्यावरून निघून दुसऱ्यात जाऊन बसतात, वापरताना परत येतात. सगळी ये-जा त्या द्रवातून. थंडीत हा द्रव दाटतो आणि कणांची चाल मंदावते. थंडीत काकवी भांड्यातून पडायला वेळ लावते, तसेच समजा. वीज आत असते, पण मागू त्या वेगाने बाहेर येत नाही.

मग तात्यांची लाईट थंडीनेच गेली का? तर नाही. चांगला सेल १० अंशांना फार तर एक दशांश कमी देतो. शून्य अंशाला साधारण पाचवा हिस्सा जातो. उणे २० ला मात्र निम्म्यावर येऊ शकतो. आपल्या भागात थंडीत पहाटे आठ-दहा अंश म्हणजे डोक्यावरून पाणी. निफाडकडे पारा पाचाच्या खाली जातो तेव्हा वर्तमानपत्रात बातमी येते. एवढ्या थंडीने धडधाकट सेल बंद पडत नाही. आमच्या गटातले एक निवृत्त फौजी आहेत, लेहकडे राहून आलेले. ते म्हणाले, "तिकडं आम्ही सेल बनियनच्या आत ठेवायचो, रात्री अंथरुणात घेऊन झोपायचो. तुमची ही कसली थंडी?"

म्हणून ती लाईट उघडली. मागचे झाकण फिरवले की सेल बाहेर येतो. सेल फोडायचा नसतो, हे आत्ताच सांगून ठेवतो. सेलवर छापले होते ९९०० एमएएच, म्हणजे जवळजवळ दहा अँपिअर-अवर. या मापाच्या सेलला १८६५० म्हणतात, कारण जाडी १८ मिलिमीटर आणि लांबी ६५ मिलिमीटर. आता गंमत बघा. चांगल्यातल्या चांगल्या कंपनीचा या मापाचा सेल साधारण साडेतीन हजार एमएएचचा असतो, फार तर थोडा अधिक. ९९०० या मापात मावतच नाही. म्हणजे छापील आकडाच खोटा. अस्सल सेलचे वजन ४५ ग्रॅमच्या आसपास भरते. तात्यांचा सेल मी आठवडे बाजारच्या दिवशी ओळखीच्या सराफाच्या काट्यावर ठेवला, तो २७ ग्रॅम भरला. आत माल अर्धाच.

काट्याबद्दल आपण सभासद किती दक्ष असतो ते मी रोज अनुभवतो. उसाची गाडी काट्यावर चढली की दोनशे किलोच्या फरकावरून स्लीप हातात घेऊन ऑफिसात येणारे लोक, दिवा घेताना मात्र डब्यावरचा आकडा वाचून पैसे देतात. इथेही वजन करून घ्यावे. सराफ हसेल, हसू द्या.

हिरवा दिवा लागला होता हेही खोटे नव्हते. तो दिवा सेलचा दाब पुरा झाला एवढेच सांगतो. हांडा भरला सांगतो, हांडा लहान की मोठा ते सांगत नाही. खऱ्या दहा अँपिअर-अवरच्या सेलवर ती लाईट रात्रभर चालली असती. या सेलवर तासाभराची बेगमी. नवी असताना, ऑक्टोबरात, अर्धा-पाऊण तास लावली जायची, म्हणून कोणाच्या लक्षात आले नाही. हलक्या सेलचा आतला अवरोध आधीच जास्त, त्यात थंडी, म्हणजे दाब आणखी लवकर खाली.

आणि एकदम का विझली, हे तर सर्वांनीच ध्यानात ठेवण्यासारखे आहे. जुन्या तीन सेलच्या विजेरीचा उजेड हळूहळू पिवळा पडायचा, घरी परतायला सवड द्यायची. लिथियमच्या चांगल्या लाईटमध्ये उजेड शेवटपर्यंत सारखा ठेवण्याची सोय असते, आणि दाब ठराविक पातळीखाली गेला की सेल वाचवण्यासाठी आतले सर्किट वीज तोडते. सोय चांगलीच आहे, पण उसात उभ्या असलेल्या माणसाला ती इशारा देत नाही. म्हणून रात्री दारे धरायला जाताना दुसरी लाईट, अगदी लहानशी असली तरी, खिशात हवीच. आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवली तर उत्तम. दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून चालू आहे, २०२३ ला तिचा दुसरा टप्पाही आला. पण आपल्या फिडरला दिवसाची पाळी येईपर्यंत रात्रीचे जाणे आहेच.

थंडीचा एकच खरा धोका आहे तो चार्जिंगचा. शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज केली तर लिथियम पत्र्याच्या आत न शिरता वरच धातूचा थर होऊन साचते. तो थर परत जात नाही, बॅटरी कायमची अधू होते, आणि वाढत गेला तर आतल्या आत शॉर्ट होऊ शकते. आपल्या शिवारात ही वेळ येत नाही. पण ज्यांची मुले काश्मीर, लडाखकडे नोकरीला आहेत त्यांनी कळवावे.

आता आपल्या खऱ्या शत्रूकडे येतो. तो म्हणजे ऊन. इथे मला माझीच चूक सांगावी लागेल.

आमच्या गट ऑफिसला प्रात्यक्षिकासाठी सोळा लिटरचे दोन बॅटरी पंप आहेत, लिथियमचे. फेब्रुवारीच्या शेवटी काम संपल्यावर मी ते धुऊन, पुसून, बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून गोडाऊनमध्ये ठेवून दिले. गोडाऊन पत्र्याचे. मधे चार्ज उतरू नये म्हणून शिपायाला सांगून दर पंधरा दिवसांनी पुन्हा फुल्ल करायला लावले. ट्रॅक्टरच्या बॅटरीची शिकवण! शिशाची बॅटरी रिकामी ठेवली तर आत गंधकाचा थर धरून ती मरते, ती भरलेलीच ठेवावी लागते, हे पदविकेला घोकून पाठ केलेले. जुलैमध्ये पंप बाहेर काढले. आधी एका चार्जिंगवर चौदा-पंधरा टाक्या मारणारा पंप नऊ टाक्यांवर थांबला. दुसरा दहावर. मी इतक्या काळजीने ठेवले म्हणूनच ते गेले.

लिथियमचे गणित शिशाच्या उलट आहे. ती पूर्ण भरून ठेवली की आत ताण राहतो, आणि त्या ताणात उष्णता मिळाली की आतला द्रव आणि पत्रा यांच्यात नको ती रासायनिक क्रिया चालू राहते. वापरा किंवा वापरू नका, धारणा घटत जाते. साधारण हिशेब असा धरतात की दर १० अंश वाढीला ही झीज दुप्पट होते. २५ अंशांच्या खोलीत निम्मी भरून ठेवलेली बॅटरी वर्षानंतर जवळजवळ होती तशी मिळते. तीच पूर्ण भरून ४० अंशांत वर्षभर पडून राहिली तर तिसरा हिस्सा गेलेला असू शकतो. आमच्या पत्र्याच्या गोडाऊनमध्ये मे महिन्यात दुपारी मी नंतर मुद्दाम थर्मामीटर लावला. छताजवळ ५१ अंश होते.

तेव्हा फवारणीचा हंगाम संपला की बॅटरी निम्मी भरलेली ठेवा. चार दिवे दाखवणारा पंप असेल तर दोन दिवे. घरात, मातीच्या भिंतीच्या खोलीत, जमिनीलगत, जिथे आपण पूर्वी बटाटे-कांदे ठेवायचो अशा थंड कोपऱ्यात. दोन-तीन महिन्यांनी एकदा बघून उतरली असेल तर पुन्हा निम्म्यापर्यंत भरा. अगदी रिकामीही ठेवू नये. फार खोल उतरली तर पुन्हा चार्ज घेत नाही, आणि बळजबरीने चार्ज करणे धोक्याचे. कामाच्या दिवसांत मात्र रोज पूर्ण भरून वापरायला काही हरकत नाही. भरून ठेवून देणे वाईट, भरून वापरणे नव्हे.

फवारणी सकाळी लवकर नाहीतर चारनंतर करा असे आम्ही औषधाच्या दृष्टीने सांगतच असतो. बॅटरीलाही तेच मानवते. जेवणाच्या सुट्टीत पंप बांधावर उन्हात उभा करू नये. उसाच्या सावलीत ठेवावा, ओले पोते वर टाकू नये, कारण सॉकेटमध्ये पाणी जाते. मोटरसायकलची डिकी, बंद जीपची काच, ट्रॅक्टरचे टूलबॉक्स, ही उन्हाळ्यात भट्टीची ठिकाणे. बहुतेक लिथियम बॅटऱ्या वापरताना ६० अंशांपर्यंत आणि चार्जिंगला ४५ अंशांपर्यंतच चालतात. म्हणून शेतातून आल्याआल्या गरम बॅटरी चार्जरला लावू नका. हात लावून बघा, गार वाटली की लावा. अर्धा-पाऊण तास जातो, त्यात चहा होतो. ड्रोनवाले पोरगे बघा, ते दहा-बारा मिनिटांत उतरवलेली बॅटरी सावलीत किंवा पंख्यापुढे ठेवतात आणि दुसरी लावतात. तो नखरा नाही.

चार्जरबद्दल जरा जास्त सांगावे लागेल, कारण यात मला सगळ्यात जास्त घोळ दिसतो. फवारणी पंपाच्या बहुतेक बॅटऱ्यांवर १२ व्होल्ट लिहिलेले असते. पण त्या तीन जातींच्या आहेत. एक जुनी शिशाची, जड, दोन किलोच्या पुढची. दुसरी साध्या लिथियम-आयनची, तीन सेल एकापुढे एक जोडलेले. एकेक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, म्हणजे बॅटरी १२.६ ला भरते. तिसरी लिथियम फॉस्फेटची, चार सेलची; एकेक सेल ३.६५ चा, म्हणजे ती १४.६ ला भरते. आता शिशाच्या बॅटरीचा किंवा फॉस्फेटचा साडेचौदा व्होल्टचा चार्जर तुम्ही तीन सेलच्या लिथियमला लावला, तर प्रत्येक सेलवर पावणेपाच-पाच व्होल्टच्या घरात दाब पडतो. चांगल्या बॅटरीतले संरक्षक सर्किट तो तोडेल. स्वस्तातल्यात ते सर्किट असेलच याचा भरवसा नाही. पिन बसते म्हणून चार्जर लावणे म्हणजे ट्रॅक्टरच्या टाकीत पेट्रोल ओतण्यासारखे आहे. ज्या पंपाचा चार्जर त्यालाच, त्यावर खिळ्याने किंवा रंगाने खूण करून ठेवा. घरात दोन भावांचे दोन पंप असतील तर नक्कीच.

नवी घ्यायची असेल तर आपल्या उन्हाच्या प्रदेशात, आणि शेतात उघड्यावर राहणाऱ्या सोलर दिव्यासाठी तर विशेष, माझे मत फॉस्फेटच्या बाजूने आहे. वजनाच्या मानाने ती थोडी कमी वीज साठवते, पण जास्त वेळा भरता-उतरता येते, आणि तापली तरी सहजी पेटत नाही. थंडीत चार्जिंगला ती साध्या लिथियमपेक्षा नाजूकच, पण ती अडचण आपली नव्हे. सोलर दिवा घेताना बॅटरीचा डबा पॅनेलला चिकटलेला आहे की खाली खांबावर सावलीत, तेवढे बघा. दुपारी पॅनेल हाताला चटका देते. त्याच्या पाठीला बॅटरी चिकटवणाऱ्याने आपले ऊन पाहिलेले नसावे.

पावसाळ्याचे थोडक्यात. चार्जिंगच्या तोंडाचे रबरी बूच हरवू देऊ नका. पंप धुताना बॅटरीच्या बाजूने पाण्याचा फवारा नको. तणनाशकाचे थेंब सॉकेटमध्ये गेले की पितळ हिरवे पडते आणि जोड तापतो.

आता आगीविषयी. ही गोष्ट घाबरवण्यासाठी नाही. पण आपल्याकडे बॅटरी चार्ज होते कुठे? मोटारीच्या खोलीत, जिथे डिझेलचा कॅन, खताची पोती आणि कोपऱ्यात पाचट. किंवा कोपीत, चोयट्याच्या भिंतीला टांगून, शेजारी लेकरे झोपलेली. तोडणीच्या टोळ्यांना तर पहाटे चारला उठायचे, म्हणून रात्रभर चार्जर चालू. सेल आत शॉर्ट झाला किंवा फार तापला की आतला प्लास्टिकचा पडदा १३० अंशांच्या आसपास वितळतो. मग सेल स्वतःच स्वतःला तापवत जातो आणि शेजारच्या सेलला पेटवतो. ही आग मोठी दिसत नाही, पण पाचटाजवळ लहान आग अशी काही वस्तूच नाही.

चार्जिंग शहाबादी फरशीवर किंवा सिमेंटवर, जागेपणी, भोवती हातभर मोकळी जागा ठेवून करा. टोळीच्या मुकादमांना आमचे चिटबॉय हे सांगतीलच, पण ज्यांच्या फडात टोळी उतरते त्या सभासदांनीही घराच्या ओट्यावर एक प्लग संध्याकाळी दोन तास मोकळा करून दिला तर कोपीत रात्रभर चार्जर लोंबणार नाही. फुगलेली, पिचकलेली, गोड उग्र वास येणारी किंवा नुसती ठेवली तरी गरम राहणारी बॅटरी चार्ज करू नका. ती घराबाहेर, जळाऊ वस्तूंपासून दूर, फरशीवर किंवा कोरड्या वाळूच्या घमेल्यात ठेवा. टाचणी मारून हवा काढू नये. गेल्या वर्षी एका गावात पोरांनी तो प्रयोग केला, हात थोडक्यात भाजले. आणि पेटलीच तर धूर विषारी असतो, तोंडाजवळ नको. मेन स्विच बंद करून लांबून भरपूर पाणी मारा. हंड्याने नाही, पाईपने. विझली असे वाटले तरी पुन्हा पेटू शकते, म्हणून पाणी लगेच थांबवू नका.

जुन्या बॅटऱ्या उकिरड्यात किंवा विहिरीत टाकू नका आणि भंगारवाल्याला फोडायला देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेली बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यावर आहे. ज्या दुकानातून घेतली तिथे परत नेऊन द्या आणि न घेतल्यास आम्हाला सांगा. उघड्या टोकांना चिकटपट्टी लावून न्यावी, म्हणजे पिशवीत किल्ल्यांना लागून ठिणगी पडत नाही.

तात्यांनी आता नवी लाईट घेतली. सेल ४६ ग्रॅम भरला, मी स्वतः बघितला. जुनी लहान विजेरीही कंबरेला असते, दोन साध्या सेलची, पिवळी पडणारी. सुनेने मोबाईलला दोरी लावून गळ्यात घालून दिला आहे. हा अंक निघेल तोवर त्यांचा खोडवा तुटून गेलेला असेल. पाचट न जाळण्याचे त्यांनी कबूल केले आहे, ते बघायला मी जाणार आहे. कोणाला आपला सेल किंवा चार्जर तपासून घ्यायचा असेल तर दर सोमवारी गट ऑफिसात सकाळी अकरापर्यंत मी असतो. लहान काटा आता टेबलावरच ठेवला आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी